छायाचित्रसंग्रहांचे संगणकीय तालिकीकरण : मूळ फोल्डररचनेच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

अंकीय कॅमेऱ्याचा प्रसार झाल्यापासून महाविद्यालये, ग्रंथालये, सार्वजनिक संस्था व कुटुंबे यांच्याकडील छायाचित्रांची संख्या झपाट्याने वाढली आहे. पूर्वी एखाद्या स्नेहसंमेलनाची छत्तीस छायाचित्रे एका अल्बममध्ये चिकटवली जात आणि त्याखाली कोणीतरी सुवाच्य अक्षरात नावे लिहीत असे. आज त्याच कार्यक्रमाची शेकडो छायाचित्रे संगणकातील एका फोल्डरमध्ये साठवली जातात आणि त्या फोल्डरला दिलेले नाव हीच बहुधा त्यांच्याविषयीची एकमेव लेखी नोंद असते.

असा संग्रह मोठा झाला की तो शोधण्यायोग्य व्हावा म्हणून तालिकीकरणाच्या सॉफ्टवेअरचा आधार घेतला जातो. फोल्डरांतील छायाचित्रे सॉफ्टवेअरमध्ये घेण्याच्या या क्रियेला आयात असे म्हणतात. वरवर पाहता ही क्रिया अत्यंत सोपी आहे. एक-दोन कळा दाबल्या की ती पूर्ण होते. तथापि याच टप्प्यावर वर्षानुवर्षे जपलेली फोल्डरांची रचना मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो. एकदा मोडलेली रचना पुन्हा उभी करणे जवळजवळ अशक्य असते, कारण ती ज्यांनी लावली ते प्राध्यापक, ग्रंथपाल वा लिपिक तोवर निवृत्त झालेले असतात.

प्रस्तुत लेखात पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.

१. फोल्डररचना ही केवळ साठवणुकीची सोय नसून ती स्वतः एक माहिती आहे, हे स्पष्ट करणे.
२. आयातीच्या विविध पद्धतींचा मूळ रचनेवर होणारा परिणाम तपासणे.
३. मराठी भाषेतील फोल्डरनावांच्या विशेष अडचणी लक्षात घेऊन एक व्यवहार्य कार्यपद्धती सुचविणे.

मूळ क्रमाचे तत्त्व

अभिलेखशास्त्रात 'मूळ क्रम' ही संकल्पना सुप्रतिष्ठित आहे. फ्रान्समध्ये १८४१ साली निघालेल्या शासकीय परिपत्रकाने, एका संस्थेकडून आलेली कागदपत्रे दुसऱ्या संस्थेच्या कागदपत्रांत मिसळू नयेत, असा दंडक घातला. पुढे म्युलर, फेथ व फ्राउन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराला पद्धतशीर रूप मिळाले. कागदपत्रे निर्माण करणाऱ्याने ती ज्या क्रमाने ठेवली, तो क्रम अभ्यासकाने शक्यतो मोडू नये, असा त्याचा आशय आहे. योगायोग असा की, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंडही १८९८ सालीच प्रसिद्ध झाला.

मराठी अभ्यासकाला हे तत्त्व परके नाही. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेले आहे आणि संशोधक आपल्या लेखनात रुमालाचा क्रमांक नोंदवितो. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. निवड ही एक रचना आहे आणि दफ्तर ही दुसरी. निवडीमुळे विषय हाती लागतो. दफ्तरामुळे कागद कोणाकडून आला आणि कोणत्या कागदांच्या सोबत होता, हे कळते. एका रचनेमुळे दुसरीची गरज संपत नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत फोल्डर म्हणजे हा रुमालच होय. '२००९-१० / रासेयो / विशेष शिबिर / दिवस ३ श्रमदान' अशा एका मार्गात शैक्षणिक वर्ष, विभाग, उपक्रम व प्रसंग अशा चार स्तरांची माहिती सामावलेली आहे. ती छायाचित्राच्या फाइलमध्ये कोठेही लिहिलेली नसते. फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले असते व त्याला अर्थ नसतो. कॅमेऱ्यांच्या फाइलव्यवस्थेचे जे नियम १९९८ मध्ये जपानमध्ये ठरले, त्यांनुसार फाइलच्या नावात चार अक्षरांपुढे ०००१ ते ९९९९ असा चार अंकी क्रमांक येतो. मोजणी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. परिणामी एकाच महाविद्यालयाच्या संग्रहात एकाच नावाच्या अनेक फाइली असणे स्वाभाविक आहे. त्या वेगवेगळ्या फोल्डरांत आहेत म्हणूनच त्यांची गल्लत होत नाही.

तारखेवर विसंबण्याचे धोके

तालिकीकरणाची अनेक सॉफ्टवेअर छायाचित्रे घेण्याच्या तारखेनुसार लावून देतात. ही तारीख एक्झिफ या प्रमाणित नोंदीतून वाचली जाते. एक्झिफची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली व आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा व भ्रमणध्वनी ती नोंद फाइलमध्ये लिहितो. ही सोय निश्चितच मोलाची आहे. तथापि तीन प्रसंगी ती दिशाभूल करते.

पहिला प्रसंग जुन्या छायाचित्रांचा. १९७५ सालच्या पारितोषिक वितरणाचे कागदी छायाचित्र २०१२ मध्ये स्कॅन केले, तर फाइलमध्ये २०१२ हीच तारीख येते. फोल्डरचे नाव '१९७५ पारितोषिक वितरण' असे असेल तरच खरे वर्ष टिकते. दुसरा प्रसंग कॅमेऱ्याच्या घड्याळाचा. बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवली असता अनेक कॅमेऱ्यांचे घड्याळ आरंभीच्या तारखेवर परत जाते आणि ते लावण्याचे राहून गेल्यास पुढील सर्व छायाचित्रांवर चुकीची तारीख उमटते. तिसरा प्रसंग संदेशसेवेतून आलेल्या छायाचित्रांचा. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेल्या फाइलमधील एक्झिफ नोंदी गाळल्या जातात; तारीख व स्थळ या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका संस्थेच्या संग्रहात हे तिन्ही प्रकार एकत्र आले होते. संग्रह तारखेनुसार आयात केल्यानंतर रौप्यमहोत्सवाची स्कॅन केलेली छायाचित्रे अलीकडच्या एका क्रीडास्पर्धेच्या शेजारी जाऊन बसली. त्यांतील व्यासपीठावरील पाहुणे कोण, हे आता कोणालाच सांगता येईना. मूळ फोल्डरच्या नावात ते नाव लिहिलेले होते. परंतु आयात झाल्यावर 'आता याची गरज नाही' अशा समजुतीने मूळ फोल्डर पुसून टाकले होते. छायाचित्र शाबूत होते, माणूस मात्र हरवला होता. अशा हानीची जाणीव सहसा वर्धापनदिनाची स्मरणिका काढण्याची वेळ येते तेव्हाच होते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यानंतर उपक्रमांचे पुरावे म्हणून स्थाननिश्चिती असलेली छायाचित्रे मागितली जाऊ लागली. कोणते छायाचित्र कोणत्या उपक्रमाचे, हे ठामपणे सांगता आले नाही तर पुराव्याचे मूल्य उरत नाही.

आयातीच्या पद्धती

सॉफ्टवेअर छायाचित्रांकडे दोन प्रकारे पाहते. पहिल्या प्रकारात फाइली आहेत तेथेच राहतात व सॉफ्टवेअर केवळ त्यांच्या जागेची नोंद ठेवते. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर फाइलींची प्रत करून ती स्वतःच्या कोठारात ठेवते. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर, पहिल्या प्रकारात पुस्तक मांडणीवरच राहते आणि तालिकेत त्याचे पत्रक तयार होते. दुसऱ्या प्रकारात पुस्तक मांडणीवरून उचलून बंद कपाटात ठेवले जाते.

ॲडोबी कंपनीच्या लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरमध्ये आयातीच्या वेळी 'ॲड', 'कॉपी' व 'मूव्ह' असे पर्याय दिसतात. 'ॲड' निवडल्यास फाइली जागेवरून हलत नाहीत व फोल्डरांची उतरंड जशीच्या तशी दिसते. त्यासाठी उपफोल्डरांचा समावेश करण्याचा पर्याय चालू असला पाहिजे. 'कॉपी' किंवा 'मूव्ह' निवडल्यास नव्या जागी छायाचित्रे कशी लावावीत, असा प्रश्न विचारला जातो आणि तेथे मूळ फोल्डरांनुसार, तारखेनुसार व एकाच फोल्डरमध्ये अशा तीन वाटा असतात. या ठिकाणी 'मूळ फोल्डरांनुसार' ही वाट जाणीवपूर्वक निवडावी लागते. घाईने तारखेची वाट धरली तर नव्या जागी जुन्या नावांचा मागमूसही राहत नाही.

डिजिकॅम या मुक्त सॉफ्टवेअरची पद्धत याहून सरळ आहे. त्यात संग्रहाचे मूळ फोल्डर दाखवून दिले की त्याखालचा प्रत्येक फोल्डर हाच अल्बम मानला जातो. येथे प्रत होत नाही. मात्र डिजिकॅममध्ये अल्बम हलविला की डिस्कवरील फोल्डरही खरोखर हलतो, याचे भान ठेवावे लागते. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांना हे सॉफ्टवेअर विनामूल्य असल्यामुळे विशेष उपयुक्त आहे.

ॲपल कंपनीच्या फोटोज या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्रे सामान्यतः स्वतःच्या कोठारात घेतली जातात. २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून या कोठारात फाइलींना लांबलचक सांकेतिक नावे मिळतात व मूळ नाव केवळ आतील नोंदवहीत राहते. फोल्डर आयात करताना मूळ रचना कायम ठेवण्याचा एक स्वतंत्र पर्याय अलीकडच्या आवृत्त्यांत दिलेला आहे. तो निवडल्यास डिस्कवरील फोल्डरांचे सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर व अल्बम बनतात. परंतु ही रचना कोठाराच्या आतच राहते; डिस्कवर ती दिसत नाही.

रचना जुळत नाही ती ठिकाणे

मूळ रचना कायम ठेवण्याचा पर्याय निवडला तरी काही गोष्टी निसटतात. त्यांची आगाऊ कल्पना असणे अगत्याचे आहे.

(अ) मिश्र फोल्डर. डिस्कवरील एका फोल्डरमध्ये सुटी छायाचित्रे व उपफोल्डर दोन्ही राहू शकतात. याउलट फोटोजमधील फोल्डरमध्ये केवळ अल्बम किंवा अन्य फोल्डर राहतात, सुटी छायाचित्रे नाहीत. लाइटरूममधील संग्रहसंचांचीही हीच गत आहे. म्हणून मिश्र फोल्डरांतील सुटी छायाचित्रे आयातीपूर्वीच 'इतर' किंवा '०० सर्वसाधारण' अशा उपफोल्डरमध्ये ठेवणे श्रेयस्कर ठरते.

(आ) दुहेरी प्रती. एकच छायाचित्र 'श्रमदान' व 'अहवालासाठी निवडक' अशा दोन फोल्डरांत असते. लाइटरूममध्ये संशयित दुहेरी प्रती वगळण्याचा पर्याय आहे. तो मूळ फाइलनाव, छायाचित्र घेतल्याची वेळ व फाइलचा आकार यांची तुलना करतो. हा पर्याय चालू असेल तर दुसऱ्या फोल्डरमधील प्रती वगळल्या जाऊ शकतात व तो अपुरा किंवा रिकामा राहू शकतो. त्या छायाचित्राची अहवालासाठी निवड झाली होती, ही माहिती त्याबरोबर नष्ट होते. दुहेरी प्रती काढून टाकण्याचे काम आयातीनंतर, निवडीची नोंद कीवर्डच्या रूपात केल्यावरच करावे.

(इ) छायाचित्रेतर फाइली. पुष्कळ फोल्डरांत पाहुण्यांच्या नावांची एखादी वर्ड फाइल, निमंत्रणपत्रिका किंवा उपस्थितीचा तक्ता ठेवलेला असतो. छायाचित्रांचे सॉफ्टवेअर अशा फाइलींना हात लावत नाही. 'ॲड' पद्धतीत त्या छायाचित्रांशेजारी राहतात. 'कॉपी' पद्धतीत त्या जुन्या जागी मागे राहतात आणि जुनी जागा रिकामी करताना पुसल्या जातात. छायाचित्रांची ओळख पटविणारा कागदच अशा रीतीने गमावला जातो.

(ई) फोल्डरांचा क्रम. वर्णानुक्रमे लावल्यास 'ऑगस्ट' हा 'जानेवारी'च्या आधी येतो. क्रम अर्थपूर्ण असेल तर नावाच्या आरंभी दोन अंकी क्रमांक द्यावा.

देवनागरी नावांच्या अडचणी

मराठी संग्रहांत एक विशेष प्रश्न उद्भवतो. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन विशिष्ट फाँटांवर अवलंबून होते व फोल्डरचे नाव त्या फाँटात दिसत नसे. परिणामी बहुतेकांनी नावे रोमन लिपीत लिहिली. 'स्नेहसंमेलन' हा एकच शब्द रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिलेला आढळतो. अशी नावे बदलण्याचा मोह आवरावा. मूळ नाव तसेच ठेवून प्रमाण मराठी रूप कीवर्ड म्हणून द्यावे. म्हणजे शोधही लागतो आणि मूळ नोंदही टिकते.

नवी नावे देवनागरीत देताना लांबीचा विचार करावा लागतो. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र संकेत होत. लिनक्सवरील प्रचलित फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे सुमारे ८५ देवनागरी संकेत. विंडोजवर एका नावाची मर्यादा बाइटांत मोजली जात नाही. त्यामुळे तेथे सहज मावलेले लांब मराठी नाव लिनक्सच्या डिस्कवर प्रत करताना नाकारले जाऊ शकते. विंडोजवर वेगळी अडचण आहे : संपूर्ण मार्गाची परंपरागत मर्यादा २६० वर्णांची असल्यामुळे फार खोल उतरंड टाळावी लागते.

कीवर्डच्या बाबतीत मर्यादा आणखी कडक आहे. वृत्तसंस्थांसाठी आयपीटीसीने ठरविलेल्या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइटच मिळतात. म्हणजे जेमतेम एकवीस देवनागरी संकेत. 'राष्ट्रीय सेवा योजना विशेष शिबिर' हा कीवर्ड मोजला असता ८८ बाइटांचा भरतो, अर्थात तो मध्येच तुटतो. ॲडोबीने २००१ मध्ये आणलेल्या व २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एक्सएमपी पद्धतीत ही अडचण नाही. म्हणून मराठी कीवर्ड एक्सएमपीमध्येच लिहिले जातील, हे पाहावे.

आणखी एक सूक्ष्म बाब नमूद करणे आवश्यक आहे. 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'दऱ्या' या शब्दांतील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एका स्वतंत्र संकेताने, किंवा 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. मॅकवरील जुनी फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे, तर विंडोज टंकलेले रूपच जपते. अशा दोन संगणकांमधून आलेला 'वऱ्हाड अभ्यास सहल' हा फोल्डर एकाच डिस्कवर दोनदा दिसू शकतो व शोधात एकच सापडतो. नाव सारखे असूनही दोन फोल्डर दिसत असतील तर प्रथम हा संशय घ्यावा.

प्रस्तावित कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येतो.

१. मूळ संग्रहाची संपूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. लपलेल्या फाइलीही त्यात याव्यात. प्रत पडताळल्याखेरीज पुढे जाऊ नये.

२. सर्व फोल्डरांची व फाइलींची मार्गासह यादी एका मजकूरफाइलमध्ये करून ठेवावी. प्रत्येक फोल्डरमधील फाइलींची संख्याही नोंदवावी. ही यादी म्हणजे संग्रहाची दाखलनोंदवही होय.

३. मिश्र फोल्डर सुटे करावेत. नावे मात्र बदलू नयेत. बदल अपरिहार्य असल्यास जुने व नवे नाव यादीत शेजारी लिहावे.

४. प्रथम एका लहान फोल्डरवर, शक्यतो उपफोल्डर, दुहेरी प्रती व मराठी नावे असलेल्या, आयातीचा प्रयोग करावा.

५. शक्य तेथे फाइली जागेवर ठेवणारी पद्धत निवडावी. प्रत करणे आवश्यकच असेल तर 'मूळ फोल्डरांनुसार' हा पर्याय घ्यावा व दुहेरी प्रती वगळण्याचा पर्याय बंद ठेवावा.

६. आयातीनंतर यादीतील संख्या व सॉफ्टवेअरमधील संख्या फोल्डरनिहाय ताडून पाहाव्यात. तफावत आढळल्यास कारण शोधावे. बहुधा ती छायाचित्रेतर फाइलींमुळे किंवा त्या सॉफ्टवेअरला न समजणाऱ्या फाइलप्रकारांमुळे असते.

७. फोल्डरच्या प्रत्येक स्तराचे नाव त्यातील छायाचित्रांना कीवर्ड म्हणून द्यावे. फोल्डर निवडून सर्व छायाचित्रांना एकदम कीवर्ड देता येतो. मोठ्या संग्रहासाठी फिल हार्वे यांचे एक्झिफटूल हे विनामूल्य साधन फोल्डरचे नाव वाचून ते थेट फाइलमध्ये लिहू शकते. संपूर्ण मूळ मार्ग वर्णनाच्या शेवटी किंवा 'सूचना' या रकान्यात एकदा लिहून ठेवावा.

८. ही माहिती फाइलमध्ये किंवा तिच्या शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जतन करण्याची आज्ञा द्यावी. लाइटरूम व डिजिकॅम दोहोंमध्ये ही सोय आहे. ती चालू नसेल तर सारे श्रम केवळ त्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत अडकून पडतात.

९. यानंतर फोल्डर हलविणे किंवा नाव बदलणे हे सॉफ्टवेअरच्या आतूनच करावे. लाइटरूमच्या पाठीमागे फोल्डर हलविला तर त्यावर प्रश्नचिन्ह उमटते व नव्या जागेशी पुन्हा जोडणी करून द्यावी लागते.

येथे सातवी व आठवी पायरी कळीची आहे. पुस्तकाला मांडणीवर एकच जागा असते, पण तालिकेत लेखक, शीर्षक व विषय अशा अनेक नोंदी असतात. फोल्डर ही छायाचित्राची मांडणीवरील जागा. कीवर्ड या तालिकेतील नोंदी. श्रमदानाचे छायाचित्र 'रासेयो'च्या फोल्डरमध्येच राहील. परंतु 'जलसंधारण', संबंधित गाव व 'अहवाल' या तिन्ही शब्दांनी ते सापडेल. मूळ रचना जपल्याने शोध मर्यादित होतो, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

सॉफ्टवेअरचे आयुष्य

रचना फाइलमध्येच लिहून ठेवावी असा आग्रह का, याचे उत्तर गेल्या दोन दशकांच्या अनुभवात आहे. गूगलने २००४ मध्ये विकत घेतलेले पिकासा हे सॉफ्टवेअर आपल्याकडे अतिशय लोकप्रिय होते. ते २०१६ मध्ये बंद करण्यात आले. त्यातील अल्बम, तारांकने व बदल यांच्या नोंदी प्रत्येक फोल्डरमधील एका लपलेल्या फाइलमध्ये राहत. लपलेल्या फाइली न घेता फोल्डरची प्रत केली तर या नोंदी मागेच राहतात. ॲपलचे ॲपर्चर २००५ मध्ये आले; त्याचा विकास थांबविण्याची घोषणा २०१४ मध्ये झाली व २०१९ नंतरच्या मॅक प्रणालींवर ते चालतच नाही. ज्यांनी आपली रचना केवळ या सॉफ्टवेअरमधील अल्बमांत उभी केली होती, त्यांना ती दुसरीकडे नेताना पुष्कळ कष्ट पडले. ज्यांचे फोल्डर डिस्कवर नीट होते व ज्यांचे कीवर्ड फाइलीत होते, त्यांचे फारसे नुकसान झाले नाही.

आजच्या सॉफ्टवेअरबाबतही हाच विवेक लागू पडतो. लाइटरूममधील संग्रहांची नोंद त्याच्या कॅटलॉगमध्ये असते. छायाचित्राच्या एक्सएमपीमध्ये ती उतरत नाही. उतरंडीचे कीवर्डही प्रत्येक सॉफ्टवेअर थोड्या निराळ्या पद्धतीने लिहिते. सुटे कीवर्ड मात्र बहुतेक सर्व सॉफ्टवेअर वाचू शकतात. त्यामुळे उतरंडीबरोबर सुटे कीवर्डही लिहिले जात आहेत, याची खात्री करून घ्यावी.

एक आक्षेप

मूळ रचना नेहमीच जपण्यायोग्य असते काय, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'मिसलेनियस', 'सरांच्या पेनड्राइव्हमधून' अशा नावांत कोणता अर्थ शोधावा? हा आक्षेप निरर्थक नाही. अव्यवस्था जशीच्या तशी पुढे नेण्यात शहाणपण नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि येथेही घाई नसावी. 'सरांच्या पेनड्राइव्हमधून' या नावावरून छायाचित्रे कोणाकडून आली हे कळते. ते सर हयात असतील तर त्यांना विचारता येते. अर्थहीन वाटणाऱ्या फोल्डरमध्येही एकत्र ठेवलेली छायाचित्रे बहुधा एकाच प्रसंगाची असतात. त्यांतील एकाची ओळख पटली की उरलेल्यांची पटते. म्हणून आधी नोंद, नंतर आयात आणि सर्वांत शेवटी पुनर्रचना, हा क्रम सोडू नये. पुनर्रचना केव्हाही करता येते. मोडलेला मूळ क्रम मात्र परत आणता येत नाही.

निष्कर्ष

१. फोल्डररचना ही छायाचित्रांविषयीची प्राथमिक माहिती आहे. स्कॅन केलेल्या व संदेशसेवेतून आलेल्या छायाचित्रांबाबत तर ती अनेकदा एकमेव माहिती असते.

२. तारखेनुसार होणारी आयात सोयीची असली तरी मूळ रचनेचा पर्याय होऊ शकत नाही.

३. फाइली जागेवर ठेवून केलेली आयात ही मूळ रचनेच्या दृष्टीने सर्वाधिक सुरक्षित पद्धत आहे. प्रत करावयाची झाल्यास मूळ फोल्डरांचा पर्याय जाणीवपूर्वक निवडावा लागतो.

४. देवनागरी नावे व कीवर्ड वापरण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही. मात्र नावांची लांबी, 'ऱ'ची दोन रूपे व एक्सएमपीचा वापर यांकडे लक्ष पुरविले पाहिजे.

५. रचना केवळ सॉफ्टवेअरमध्ये न ठेवता फोल्डरांत व फाइलींत अशी दुहेरी जपावी, कारण संग्रहाचे आयुष्य सॉफ्टवेअरच्या आयुष्यापेक्षा मोठे असते.

प्रत्येक महाविद्यालयात असा एखादा संगणक असतो, ज्यावरील फोल्डरांचा अर्थ एकाच व्यक्तीला ठाऊक असतो. ती व्यक्ती सेवेत आहे तोवरच तिच्या शेजारी बसून फोल्डरांची यादी करून घेणे व प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहून ठेवणे, हे या संपूर्ण कार्यपद्धतीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीचे काम होय. त्यासाठी कोणत्याही सॉफ्टवेअरची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.